दिशादर्शन उपग्रहांच्या तत्काल घड्याळ-माहितीची अचूकता : पडताळणीची पद्धती आणि ‘नाविक’चा अनुभव

सारांश

उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा पाया कालमापन हा आहे. उपग्रहावरील घड्याळात एक नॅनोसेकंदाची चूक राहिली, तर अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरची चूक होते. हे घड्याळ या क्षणी किती चुकत आहे, याची माहिती वापरकर्त्याला तत्काळ पुरविली जाते. तथापि ती माहितीही सदोष असू शकते. तिची अचूकता कशी तपासावी, तपासताना कोणत्या बाबी वजा कराव्यात आणि कोणत्या राखाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीतील आण्विक घड्याळांचा अनुभव व कोकण किनाऱ्यावरील गरजा यांच्या संदर्भात या पडताळणीचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे आहे.

बीजसंज्ञा : आण्विक घड्याळ, नाविक, तत्काल शोधन, वर्गमध्यमूळ, प्रमाण विचलन, स्थाननिश्चिती.

१. प्रस्तावना

रत्नागिरी शहर सुमारे ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने रत्नागिरीची स्थानिक मध्यमवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३७ मिनिटे मागे असते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तरीही मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असणारी ‘बॉम्बे टाइम’ ही वेळ १९५५ पर्यंत व्यवहारात टिकून होती. त्या काळी एकाच शहरातील दोन घड्याळे ३९ मिनिटांच्या अंतराने चालत आणि तरीही दोन्ही बरोबर असत. प्रत्येकाचा संदर्भ वेगळा होता, एवढेच.

या उदाहरणातून निघणारे तत्त्व उपग्रहांच्या घड्याळांनाही लागू पडते. घड्याळ ‘चुकले’ असे म्हणताना ते कशाच्या तुलनेत चुकले, हे प्रथम सांगावे लागते. दैनंदिन व्यवहारात हा प्रश्न मिनिटांचा असतो. दिशादर्शन उपग्रहांच्या बाबतीत तो नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांचा असतो. परिमाण बदलले तरी प्रश्नाचे स्वरूप तेच राहते. संदर्भाची निवड आणि तिचे परिणाम हा या लेखातील विवेचनाचा मध्यवर्ती धागा आहे. लेख विविध विद्याशाखांतील अध्यापकांसाठी असल्याने गणिती तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

२. काळावरून अंतर

उपग्रहाकडून निघालेला रेडिओ संकेत प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर या वेगाने प्रवास करतो. संकेत कोणत्या क्षणी निघाला हे उपग्रहाचे घड्याळ सांगते. तो कोणत्या क्षणी पोहोचला हे ग्राहकयंत्राचे घड्याळ सांगते. दोहोंतील फरकास प्रकाशवेगाने गुणले की अंतर मिळते. या गुणाकारामुळे एक मायक्रोसेकंदाच्या चुकीपोटी सुमारे ३०० मीटरचा, तर एक नॅनोसेकंदाच्या चुकीपोटी सुमारे ३० सेंटिमीटरचा अंतरदोष निर्माण होतो.

ग्राहकयंत्रातील घड्याळ साध्या क्वार्ट्झ स्फटिकाचे असते व त्याची चूक पुष्कळच मोठी असते. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशींबरोबर ग्राहकयंत्राच्या घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी मानली जाते. चार अज्ञात राशींसाठी चार समीकरणे, म्हणजेच किमान चार उपग्रह लागतात. याचा अर्थ असा की, सर्व उपग्रहांच्या घड्याळांत जी चूक समान असेल ती आपोआप ग्राहकयंत्राच्या घड्याळाच्या चुकीत मिसळून जाते व स्थानावर परिणाम करीत नाही. स्थान बिघडते ते उपग्रहा-उपग्रहांतील घड्याळांच्या परस्पर फरकामुळे. पुढील विवेचनात या मुद्द्याचा वारंवार उपयोग होणार आहे.

घड्याळाच्या माहितीवर स्थानाची अचूकता किती अवलंबून असते, याचे ऐतिहासिक प्रमाण अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतच सापडते. नागरी वापरकर्त्यांना पूर्ण अचूकता मिळू नये म्हणून या प्रणालीच्या संकेतांत हेतुपुरस्सर दोष मिसळला जात असे आणि त्यासाठी प्रामुख्याने उपग्रहांच्या घड्याळांच्या वारंवारतेत कृत्रिम चढउतार केले जात. परिणामी नागरी स्थाननिश्चितीत सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येई. २ मे २००० रोजी ही पद्धत बंद करण्यात आली आणि जगभरातील साध्या ग्राहकयंत्रांची अचूकता त्याच दिवशी अनेक पटींनी सुधारली. ग्राहकयंत्रे तीच होती, कक्षा त्याच होत्या. बदल झाला तो घड्याळ-माहितीत.

३. उपग्रहावरील घड्याळ आणि त्याचे शोधन

दिशादर्शन उपग्रहांवर रुबिडियम, सिझियम किंवा हायड्रोजन मेसर या प्रकारची आण्विक घड्याळे असतात. ती अतिशय स्थिर असली तरी निर्दोष नसतात. समजा, एखाद्या घड्याळाच्या वारंवारतेत एक भागिले दहाचा तेरावा घात एवढीच सापेक्ष चूक आहे. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दिवसाअखेर साचलेली चूक ८.६४ नॅनोसेकंद, अंतराच्या भाषेत सुमारे २.६ मीटर होते.

यात सापेक्षता सिद्धांताचा परिणामही विचारात घ्यावा लागतो. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळ भूपृष्ठावरील घड्याळाच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. भूस्थिर उंचीवरील उपग्रहासाठी हाच हिशेब केल्यास गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ५१ मायक्रोसेकंदांची वाढ व उपग्रहाच्या वेगामुळे सुमारे ४.५ मायक्रोसेकंदांची घट, असे मिळून घड्याळ दिवसाला सुमारे ४६.५ मायक्रोसेकंद पुढे जाते. हा परिणाम सिद्धांतावरून नेमका काढता येत असल्याने त्याची भरपाई आधीच करता येते. भाकित करता न येणारा भाग उरतो तो घड्याळाच्या आंतरिक अस्थिरतेचा.

या उर्वरित चुकीसाठी भूस्थानके उपग्रहाचे सतत निरीक्षण करतात, घड्याळाच्या पुढील वाटचालीचे भाकित करतात आणि त्याचे तीन गुणांक उपग्रहाकडे पाठवितात. उपग्रह ते आपल्या संदेशातून सर्वांना कळवितो. त्यांचा उपयोग पुढीलप्रमाणे होतो :

शोधन = क + (ख × व) + (ग × व × व)

येथे ‘व’ म्हणजे संदर्भक्षणापासून लोटलेला वेळ, ‘क’ म्हणजे संदर्भक्षणीची चूक, ‘ख’ म्हणजे चूक वाढण्याचा दर आणि ‘ग’ म्हणजे त्या दरातील बदल. हे एक भाकित आहे, हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. गुणांक जितके जुने, तितके भाकित वास्तवापासून दूर जाण्याची शक्यता अधिक.

४. घड्याळ-माहितीचे प्रकार

उपग्रहाच्या संदेशातील भाकिताखेरीज अधिक अचूक माहिती स्वतंत्र संस्थांकडून मिळते. १९९४ पासून औपचारिकरीत्या कार्यरत असलेली ‘इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस’ ही सेवा जगभरच्या स्थायी केंद्रांवरील निरीक्षणे एकत्र करून कक्षा व घड्याळ यांची उत्पादने विनामूल्य प्रसिद्ध करते. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्था व हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था येथील केंद्रे या जाळ्यात आहेत. जीपीएस घड्याळांसंबंधी या सेवेने दिलेली ढोबळ मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

(१) उपग्रहाने प्रक्षेपित केलेली माहिती : तत्काळ उपलब्ध, वर्गमध्यमूळ दोष सुमारे ५ नॅनोसेकंद, प्रमाण विचलन सुमारे २.५ नॅनोसेकंद.
(२) अतिजलद उत्पादनाचा भाकित भाग : तत्काळ उपलब्ध, अनुक्रमे ३ व १.५ नॅनोसेकंद.
(३) अतिजलद उत्पादनाचा निरीक्षित भाग : ३ ते ९ तासांनी; ०.१५ व ०.०५ नॅनोसेकंद.
(४) जलद उत्पादन : १७ ते ४१ तासांनी, ०.०७५ व ०.०२५ नॅनोसेकंद.
(५) अंतिम उत्पादन : १२ ते १८ दिवसांनी, ०.०७५ व ०.०२० नॅनोसेकंद.

या यादीवरून एक बाब स्पष्ट होते. जी माहिती आत्ता हवी ती कमी अचूक असते व जी अत्यंत अचूक असते ती दोन आठवड्यांनी मिळते. भूकंपानंतर भूकवचाचे सरकणे मोजणाऱ्या संशोधकास दोन आठवडे थांबणे शक्य असते. समुद्रात असलेल्या नौकेस ते शक्य नसते. ही दरी भरून काढण्यासाठी १ एप्रिल २०१३ रोजी उपरोक्त सेवेने ‘रिअल टाइम’ सेवा सुरू केली. तीत निरीक्षण केंद्रांकडून सतत येणाऱ्या नोंदींवरून घड्याळांची शोधने काढून दर काही सेकंदांनी आंतरजालावरून प्रसारित केली जातात. त्यांचा दोष सामान्यतः नॅनोसेकंदाच्या काही दशांशांपर्यंत खाली येतो. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीने २४ जानेवारी २०२३ पासून अशी उच्च-अचूकता शोधने थेट उपग्रहांवरूनही देण्यास प्रारंभ केला. भारताची ‘गगन’ प्रणाली विमानवाहतुकीसाठी जीपीएसची शोधने भूस्थिर उपग्रहांवरून प्रसारित करते. त्यांतही घड्याळाच्या शोधनांचा समावेश असतो.

५. पडताळणीची पद्धती

तत्काल घड्याळ-माहिती तपासण्याची सर्वमान्य रीत म्हणजे दोन आठवड्यांनी मिळणाऱ्या अंतिम उत्पादनास प्रमाण मानून तिच्याशी तुलना करणे. वरकरणी ही साधी वजाबाकी वाटते. प्रत्यक्षात ती योग्य रीतीने न केल्यास निष्कर्ष पूर्णतः चुकू शकतो. म्हणून पुढील पायऱ्या पाळणे आवश्यक आहे.

पहिली पायरी क्षण जुळविण्याची. तत्काल शोधने ५ किंवा १० सेकंदांनी येतात, तर अंतिम घड्याळ-मूल्ये ३० सेकंदांच्या किंवा ५ मिनिटांच्या अंतराने दिलेली असतात. घड्याळाची चाल अनियमित असल्याने मधली मूल्ये अंदाजाने भरणे इष्ट नाही. दोन्हींत समान असलेले क्षणच तुलनेसाठी घ्यावेत. तसेच तत्काल शोधन हे उपग्रहाच्या विशिष्ट संदेश-संचास अनुलक्षून असते. ते दुसऱ्याच संचास जोडले गेल्यास निर्माण होणारी चूक शोधनाची नसून हिशेबाची असते.

दुसरी पायरी संदर्भवेळेतील फरक वजा करण्याची. प्रत्येक विश्लेषण केंद्र आपली घड्याळ-मूल्ये आपापल्या संदर्भवेळेस धरून काढते. मुंबईची जुनी वेळ व प्रमाणवेळ यांत जसा सरसकट ३९ मिनिटांचा फरक होता, तसाच सर्व उपग्रहांना समान असलेला फरक येथेही आढळतो. पुढील काल्पनिक उदाहरण पाहावे. एका क्षणी चार उपग्रहांसाठी तत्काल मूल्य वजा अंतिम मूल्य असा फरक नॅनोसेकंदांत असा आला :

उपग्रह १ : ३.२
उपग्रह २ : ३.५
उपग्रह ३ : २.९
उपग्रह ४ : ३.६

या फरकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून वर्गमूळ घेतले असता वर्गमध्यमूळ दोष ३.३१ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर येतो. माहिती फारच सदोष आहे, असा निष्कर्ष येथे कोणीही काढील. परंतु चारही फरकांची सरासरी ३.३ आहे. हा समान भाग दोन केंद्रांच्या संदर्भवेळांतील अंतर दर्शवितो आणि वर म्हटल्याप्रमाणे तो ग्राहकयंत्राच्या घड्याळात मिसळून जातो. तो वजा केल्यावर अनुक्रमे उणे ०.१, ०.२, उणे ०.४ व ०.३ एवढे फरक उरतात व वर्गमध्यमूळ दोष ०.२७ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर होतो. स्थानावर परिणाम करणारा दोष हा आहे.

समान भाग वजा करण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एका उपग्रहास संदर्भ मानून इतरांचे फरक त्याच्या तुलनेत काढणे, ही पहिली. ती सोपी आहे. परंतु संदर्भ म्हणून निवडलेल्या उपग्रहाचेच घड्याळ बिघडलेले असेल तर त्याचा दोष इतर सर्वांच्या माथी बसतो. सर्व उपग्रहांच्या फरकांची सरासरी वजा करणे ही दुसरी रीत या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. मात्र एखादे मूल्य अतिशय विसंगत असल्यास सरासरीही ढळते. म्हणून विसंगत मूल्ये आधी ओळखून बाजूस काढावी लागतात आणि ती किती होती हे अहवालात स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. ती गुपचूप गाळणे म्हणजे ज्या प्रसंगी माहिती सर्वाधिक धोकादायक होती नेमके तेच प्रसंग लपविणे होय.

तिसरी पायरी उपलब्धता व विलंब तपासण्याची. शोधन कितीही अचूक असले तरी ते दिवसातून किती वेळ मिळालेच नाही व मिळाले तेव्हा किती सेकंद जुने होते, हेही पाहावे लागते. निव्वळ मिळालेल्या मूल्यांची अचूकता सांगणे म्हणजे उपस्थित विद्यार्थ्यांच्याच गुणांवरून संपूर्ण वर्गाचा निकाल जाहीर करणे.

चौथी बाब प्रमाणाच्या स्वतंत्रतेची. तत्काल व अंतिम ही दोन्ही उत्पादने एकाच केंद्राची असून त्यांत तीच निरीक्षणे व तेच गृहीतक वापरलेले असेल, तर दोहोंतील समान चुका वजाबाकीत नाहीशा होतात. म्हणून शक्य तेथे प्रमाण उत्पादन दुसऱ्या केंद्राचे किंवा अनेक केंद्रांच्या एकत्रित निष्कर्षाचे घ्यावे.

६. वर्गमध्यमूळ आणि प्रमाण विचलन यांतील भेद

अचूकता एका आकड्यात सांगण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. दोन उपग्रहांचे पाच क्षणांवरील उरलेले फरक नॅनोसेकंदांत पुढीलप्रमाणे आहेत, अशी कल्पना करू :

पहिला उपग्रह : ०.३०, ०.३१, ०.२९, ०.३०, ०.३०
दुसरा उपग्रह : ०.१०, उणे ०.१२, ०.१५, उणे ०.०९, उणे ०.०४

पहिल्याचा वर्गमध्यमूळ दोष ०.३० व दुसऱ्याचा ०.११ नॅनोसेकंद आहे. या निकषावर दुसरा उपग्रह सरस ठरतो. प्रमाण विचलन पाहिले तर पहिल्याचे ०.००६ व दुसऱ्याचे ०.११ आहे. येथे पहिला उपग्रह कितीतरी पटींनी सरस ठरतो.

यांपैकी कोणता निकष ग्राह्य धरावा, हे वापरावर अवलंबून आहे. संकेतातील सांकेतिक अंशावरून थेट अंतर मोजणाऱ्या साध्या ग्राहकयंत्रास स्थिर चूकही बाधते. त्याच्यासाठी वर्गमध्यमूळ महत्त्वाचे. उच्च अचूकतेच्या पद्धतीत मात्र वाहक तरंगाची कला मोजली जाते. तीत उपग्रह व ग्राहकयंत्र यांच्यामध्ये एकूण किती तरंग मावतात ही संख्या अज्ञात असून ती प्रत्येक उपग्रहासाठी स्वतंत्रपणे काढावी लागते. घड्याळातील स्थिर चूक या अज्ञात संख्येत सामावून जाते. तिच्यामुळे प्रारंभीचा मेळ बसण्यास काही अधिक वेळ लागतो. पण एकदा मेळ बसला की स्थान बिघडविते ती चुकीतील चंचलता, जी प्रमाण विचलनात व्यक्त होते. त्यामुळे पडताळणीच्या अहवालात दोन्ही मूल्ये देणे व कोणते मूल्य कोणासाठी आहे ते सांगणे उचित ठरते.

७. कक्षा व घड्याळ यांचा परस्परसंबंध

उपग्रह प्रत्यक्षाहून एक मीटर दूर आहे असे चुकीने मानले आणि त्याच वेळी घड्याळाचे शोधनही त्या चुकीची भरपाई होईल एवढे चुकले, तर वापरकर्त्याला मिळणारे अंतर जवळजवळ बरोबरच येते. भूस्थानके निरीक्षणांवरून कक्षा व घड्याळ एकाच वेळी काढीत असल्याने अशी परस्परपूरक चूक नेहमी आढळते. म्हणून केवळ घड्याळांची तुलना केल्यास दोष वास्तवाहून मोठा दिसू शकतो. पृथ्वीच्या दिशेने असलेला कक्षादोष व घड्याळदोष यांचा एकत्रित परिणाम काढणे, हा यावरील उपाय आहे. जीपीएससाठी या कक्षादोषाचा भारांक ०.९८, तर भूस्थिर उंचीवरील उपग्रहांसाठी ०.९९ घेतला जातो.

भारताच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ‘नाविक’चे सर्व उपग्रह भूस्थिर किंवा भूसमकालिक कक्षांत आहेत. भारतातून पाहता ते आकाशाच्या मर्यादित भागातच असतात व त्यांची भौमितिक रचना सावकाश बदलते. अशा स्थितीत कक्षेची चूक कोणती व घड्याळाची कोणती हे केवळ एकमार्गी निरीक्षणांवरून वेगळे करणे कठीण जाते. यासाठी नाविकच्या भूयंत्रणेत द्विमार्गी अंतरमापन व लेझर अंतरमापन यांची जोड देण्यात आली आहे.

८. ‘नाविक’चा अनुभव

भारतीय प्रादेशिक दिशादर्शन उपग्रह प्रणालीस केंद्र शासनाने २००६ साली मान्यता दिली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. याच प्रसंगी प्रणालीस ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. बेंगळुरूनजीक ब्यालालू येथे २०१३ साली सुरू झालेल्या इस्रोच्या दिशादर्शन केंद्रात प्रणालीची संदर्भवेळ राखली जाते. भारत व सीमेपासून १५०० किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रात २० मीटरहून चांगली अचूकता देणे, हे प्रणालीचे उद्दिष्ट होते.

प्रत्येक उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळे होती व ती युरोपातून आयात केलेली होती. पहिल्या उपग्रहावरील, म्हणजे आयआरएनएसएस-१ए वरील तिन्ही घड्याळे बंद पडल्याचे जानेवारी २०१७ मध्ये समोर आले. त्याच महिन्यात गॅलिलिओ उपग्रहांवरील काही घड्याळेही निकामी झाल्याचे युरोपीय अवकाश संस्थेने जाहीर केले होते. १ए च्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला १एच हा उपग्रह उष्णतारोधक कवच विलग न झाल्याने कामी आला नाही. १२ एप्रिल २०१८ रोजी १आय हा उपग्रह यशस्वीपणे प्रक्षेपित झाला. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने विकसित केलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावरून प्रथमच अवकाशात गेले. २९ जानेवारी २०२५ रोजीच्या एनव्हीएस-०२ या उपग्रहास मात्र झडप न उघडल्याने नियोजित कक्षा गाठता आली नाही.

२०२५ साली संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार, प्रक्षेपित केलेल्या अकरा उपग्रहांपैकी चार उपग्रह स्थाननिश्चितीची पूर्ण सेवा देत होते, चार केवळ एकमार्गी संदेशप्रसारणासाठी वापरले जात होते, एक निवृत्त झाला होता व दोन नियोजित कक्षेत पोहोचले नव्हते. घड्याळ बंद पडलेल्या उपग्रहाचे सौरपट, प्रक्षेपक व नियंत्रण-यंत्रणा सुस्थितीत असू शकतात. तो संदेश पाठवू शकतो. परंतु ‘आत्ता किती वाजले’ हे सांगू शकत नसल्याने स्थाननिश्चितीसाठी तो निरुपयोगी ठरतो.

या आकडेवारीचा पडताळणीशी निकटचा संबंध आहे. चार अज्ञात राशींसाठी चार उपग्रह ही किमान गरज होय. पाचवा उपग्रह असल्यास समीकरणांतील विसंगतीवरून कोठेतरी दोष आहे हे ग्राहकयंत्रास कळते. सहावा असल्यास दोषी उपग्रह ओळखून वगळता येतो. केवळ चारच उपग्रह असतील तर त्यांपैकी एकाचे घड्याळ चुकले तरी समीकरणे बिनतक्रार सुटतात आणि चुकीचे स्थान खात्रीपूर्वक दाखविले जाते. समुद्रावर उंची ठाऊक असल्याने एक आधार अधिक मिळतो, तसेच जीपीएस व इतर प्रणालींचे उपग्रह जोडून संख्या वाढविता येते, हे खरे. परंतु केवळ स्वदेशी प्रणालीवर विसंबून राहण्याची वेळ आल्यास ग्राहकयंत्राची आत्मपरीक्षणाची क्षमता अत्यल्प राहते. अशा वेळी बाहेरून, सतत व स्वतंत्रपणे होणारी घड्याळ-माहितीची पडताळणी हाच वापरकर्त्याचा मुख्य आधार ठरतो.

९. कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने

जमिनीवर उच्च अचूकता मिळविण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर स्थायी संदर्भकेंद्रांचे जाळे उभारले आहे. अशा केंद्राजवळ काम करणारा सर्वेक्षक केंद्राची व आपली निरीक्षणे परस्परांतून वजा करतो. त्यात उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोन्हीकडे समान असल्याने नाहीशी होते. मात्र किनारा सोडून जसजसे दूर जावे तसतसा या मार्गाचा उपयोग घटत जातो. खोल समुद्रात जवळपास संदर्भकेंद्र नसते व तेथे अचूकता हवी असल्यास तत्काल कक्षा व घड्याळ-शोधनांवरच विसंबावे लागते.

मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या ट्रॉलरच्या तांडेलास सेंटिमीटरची अचूकता नको असते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मासेमारीचे क्षेत्र, खडक, वादळात जवळचे बंदर यांसाठी काही मीटरची अचूकता पुरते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत राज्याचे मासेमारी नियमन लागू असते. त्या सीमेच्या आत की बाहेर, हा प्रश्नही मीटरांचाच असतो. त्याची खरी गरज विश्वासार्हतेची असते. पाच नॅनोसेकंदांची नेहमीची चूक त्याला जाणवतही नाही. परंतु घड्याळाने अचानक एक मायक्रोसेकंदाची उडी घेतली आणि तसा इशारा मिळाला नाही, तर ३०० मीटरचा अंतरदोष खाडीच्या मुखाशी घातक ठरू शकतो. याउलट, बंदराच्या तळाची मोजणी किंवा दरडप्रवण उतारांच्या हालचालींचे निरीक्षण यांसाठी सेंटिमीटरची अचूकता, म्हणजेच अल्प प्रमाण विचलन आवश्यक असते. एकाच माहितीची पडताळणी या दोन वापरकर्त्यांसाठी दोन वेगळ्या निकषांवर करावी लागते.

या गरजेची व्याप्ती वाढत आहे. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी मच्छीमारांना इशारे देणारे, ‘गगन’वर आधारित ‘जेमिनी’ हे उपकरण सादर झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क व साहाय्य प्रणालीचा राष्ट्रीय स्तरावर प्रारंभ झाला. तिच्या अंतर्गत किनारी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित ट्रान्सपाँडर बसविण्याचे उद्दिष्ट आहे. संकटात सापडलेली नौका शोधताना तिने कळविलेल्या स्थानावर शोधपथक विसंबणार असल्याने त्या स्थानामागील घड्याळ-माहितीचा दर्जा हा जीविताशी निगडित विषय ठरतो.

१०. महाविद्यालयीन स्तरावरील शक्यता

अशी पडताळणी केवळ मोठ्या प्रयोगशाळांतच होऊ शकते, असा समज असण्याचे कारण नाही. प्रक्षेपित संदेशांच्या दैनिक संचिका व अंतिम घड्याळ-उत्पादने विनामूल्य उपलब्ध आहेत. नाविकच्या संकेतरचनेचा दस्तऐवज इस्रोने सार्वजनिक केला आहे. पदव्युत्तर भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात पुढील काम करता येईल : एका आठवड्याची जीपीएसची प्रक्षेपित घड्याळ-मूल्ये तीन गुणांकांवरून काढणे, ती अंतिम मूल्यांतून वजा करणे, प्रत्येक क्षणी समान भाग काढून टाकणे, आणि उपग्रहनिहाय वर्गमध्यमूळ, प्रमाण विचलन व विसंगत मूल्यांची संख्या नोंदविणे. यासाठी साधा संगणक व आंतरजाल-जोडणी पुरेशी आहे.

नाविकच्या बाबतीत हेच काम अधिक कठीण आहे. कारण त्याच्या घड्याळांची स्वतंत्र, नियमित व उच्च दर्जाची उत्पादने जीपीएसच्या तुलनेत अल्प आहेत. शिवाय घड्याळाचे मूल्य ज्या दोन वारंवारतांच्या संयोगास अनुलक्षून असते, त्या प्रत्येक प्रणालीत निरनिराळ्या असतात. त्यांतील उपकरणजन्य विलंबाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. तथापि हीच अडचण संशोधनाची संधीही आहे. कोकणपट्टीतील महाविद्यालयांनी आपल्या छतांवर नाविक-ग्राहकयंत्रे बसवून दीर्घकालीन नोंदी ठेवल्यास, समुद्रालगतच्या या भागासाठी एक मौलिक माहितीसाठा तयार होऊ शकेल.

११. समारोप

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. घड्याळाची अचूकता ही नेहमी कोणत्या तरी संदर्भाच्या तुलनेतच सांगता येते. सर्व उपग्रहांना समान असलेला फरक वजा केल्यावाचून काढलेला दोष दिशाभूल करतो. वर्गमध्यमूळ व प्रमाण विचलन हे दोन निकष दोन निरनिराळ्या वापरकर्त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देतात. कक्षादोषाचा विचार न करता केलेली घड्याळाची तुलना अपुरी असते. आणि सरासरी कितीही चांगली असली, तरी विसंगत मूल्ये, खंड व विलंब यांची नोंद नसलेला अहवाल समुद्रावरील माणसाच्या उपयोगाचा नाही.

स्वदेशी आण्विक घड्याळाची निर्मिती ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. घड्याळ स्वतः तयार करण्याइतकेच त्याची चूक स्वतः व नियमितपणे मोजून ती सर्वांसमोर ठेवणेही आवश्यक आहे. चार उपग्रहांच्या आधारे चाललेल्या प्रणालीत तर ते अपरिहार्य ठरते. या कार्यात शासकीय संस्थांबरोबर महाविद्यालयांनाही आपला वाटा उचलता येण्याजोगा आहे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.